ओहोटीला घेतलेली परीक्षा

सर खाडीवर यायचे तेव्हा त्यांच्या सायकलला एक दोरखंड, एक पितळी तांब्या आणि एक छत्री बांधलेली असे, तोंडात शिट्टी असे आणि गळ्यात ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब. रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या लोकांना या दृश्याची सवय झाली होती. पाहुणे आलेले असले तरच कोणी ते बोट करून दाखवी. कोणी विचारलंच, तर सर सायकलवरून उतरून प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते नीट समजावून सांगत, आणि विचारणारा घरी जाताना खाडीकडे जरा संशयाने बघे.

कॉलेजात ते गणित शिकवत. पण आम्हा सहा जणांना ते होडीचे सर म्हणून ठाऊक. कॉलेजात नौदलाच्या छात्रांचं एक पथक होतं, आणि त्या पथकाला फार पूर्वी कोणी तरी एक लाकडी व्हेलर दिली होती. व्हेलर म्हणजे पाच वल्ह्यांची, दोन्ही टोकांना निमुळती, जड होडी. पाच जणांनी ओढायची आणि सहाव्याने सुकाणू धरायचं. पथकाचा अधिकारी म्हणून कोणा तरी प्राध्यापकाला नेमावं लागे. बाकीच्यांनी कोणी पाठदुखी सांगितली, कोणी घरची अडचण. सरांना नाही म्हणायचीही भीती वाटली. अशा रीतीने ते नौदलात आले. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात ते नव्या अभ्र्यातल्या उशीसारखे दिसत, आणि त्यांना सलाम करताना आम्हाला हसू दाबावं लागे.

त्यांची हजेरी निराळी होती. नाव पुकारलं की ‘यस सर’ म्हणायचं नाही. आज काय बिघडेल ते सांगायचं. दुसऱ्याने सांगितलेलं पुन्हा सांगता येत नसे, त्यामुळे यादीत शेवटी नाव असणाऱ्याची पंचाईत होई. वारा फिरेल, दोर तुटेल, मचव्याला धडकू, असं सगळं पहिल्या चौघांत संपून जाई. सर प्रत्येक संकटावर थांबून विचार करत आणि त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय होडी सोडू देत नसत. एकदा मी वैतागून म्हणालो, “देवमासा, सर.” सर हसले नाहीत. त्यांनी सुकाणूवाल्या इकबालला विचारलं, की या खाडीत देवमासा कधी आला होता का. इकबालच्या घरचे सगळे मासेमारीतले. तो म्हणाला की आजोबांच्या वेळी एक वाहत आला होता, पण मेलेला. सरांनी जरा विचार केला. “मेलेला असला तर चालेल,” ते म्हणाले. “त्याला वळसा घालता येतो.” मग होडी सुटली.

या पद्धतीचा परिणाम असा झाला की दिवाळीनंतर सराव सुरू होऊन महिना व्हायच्या आत आम्हा सगळ्यांना पाण्याची दहशत बसली. त्याआधी आम्ही बेफिकीर होतो आणि बरे ओढत होतो. आता मी वल्हं पाण्यात बुडवताना ते कशात अडकेल याचा विचार करत असे. रात्री झोपेत बोटांच्या मुठी वळत. वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला दिसत नाही, जे मागे पडलं तेवढंच दिसतं. दिसतो तो सुकाणूवाल्याचा चेहरा. इकबालच्या कपाळावर आठी पडली की आमची वल्ही हवेतच थांबत, आणि काठावरून सायकल हाकत येणारे सर भोंग्यातून ओरडून विचारत, “काय झालं? काय झालं?” बहुतेक वेळा इकबालला शिंक येत असे.

पाच वल्ह्यांच्या होडीत तीन वल्ही उजवीकडे येतात आणि दोन डावीकडे. डावीकडच्या दोघांनी उजव्या तिघांची बरोबरी केली नाही तर होडी हळूहळू वळत जाते. सरांना हे गणिती दृष्ट्या असह्य होत असे. “मुळातच विषम आहे,” ते होडीकडे बघून म्हणत, जणू एखाद्या नातेवाइकाच्या लग्नाबद्दल बोलत आहेत. डावीकडे मी होतो आणि मंडणगड होता. खरं सांगायचं तर डावीकडे मंडणगड होता; मी त्याच्या पुढे बसत असे.

मंडणगड हे त्याच्या तालुक्याचं नाव. त्याला आम्ही त्याच नावाने हाक मारत असू. उंच, हाडापेराने मोठा, डोंगरातल्या गावचा मुलगा. वसतिगृहात राही. वडील मुंबईला गिरणीत होते. संप सुरू झाला, लांबला, आणि ते गावी परत येऊन ओटीवर बसले होते. यापेक्षा जास्त त्याने कधी सांगितलं नाही. पण त्याला नौदलात भरती व्हायचं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मोसमाच्या शेवटी शर्यत होई, मुंबईहून एक अधिकारी येत आणि चांगला ओढणारा एखादा मुलगा मोठ्या शिबिरासाठी निवडत. तिथून भरतीची वाट सोपी होते असं म्हणत. आम्ही बाकीचे होडीत बसायचो ते हौसेने किंवा सरावानंतर मिळणाऱ्या उसळ-पावासाठी. तो शिबिरासाठी बसायचा. हजेरीत त्याचं संकट नेहमी होडीचं असे. “खिळा निघंल, सर.” “वल्हा मोडंल, सर.” स्वतःचं कधी नाही.

होडीत बसण्यापूर्वी पोहण्याची परीक्षा द्यावी लागे. वाळूच्या दांड्यापासून काठापर्यंत पोहत यायचं, असा नियम. परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा सरांना प्रश्न पडला, की पोहता पोहता कोणी बुडालं तर? त्यांनी पंचांग बघितलं, तिथीवरून हिशेब केला आणि ऐन ओहोटीची वेळ निवडली. पाणी छातीएवढं होतं. कोणी बुडालं तर उभं राहता येईल, असा त्यांचा विचार. सावधगिरी म्हणून तो बिनतोड होता. आम्ही सहा जण पोहत आलो. मंडणगड सगळ्यांत शेवटी आला, पण फार डौलात. खांदे पाण्याबाहेर, हात संथ, शिंतोडासुद्धा नाही. सरांनी त्याच्या नावापुढे ‘शैली उत्तम’ असा शेरा मारला आणि सही केली. तो बाहेर आला तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखला होता. ते आम्ही पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायचं कोणाला सुचलं नाही.

त्या वर्षी शर्यत रत्नागिरीतच व्हायची होती आणि ती नेमकी कॉलेजच्या स्नेहसंमेलनानंतरच्या आठवड्यात आली. ही बातमी प्राचार्यांना आवडली. शर्यत रत्नागिरीत, म्हणजे कॉलेजचं नाव. कॉलेजचं नाव, म्हणजे काहीतरी दाखवायला हवं. त्यांनी होडी पाण्यातून काढून मैदानावर आणवली. विटांच्या थरांवर ती उभी केली. तिला पांढरा आणि निळा रंग दिला, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पुढे पाटी लावली, ‘प्रगतीचे जहाज’. संमेलनाचे पाहुणे, पालक, नगरपालिकेतले लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत. होडीने आयुष्यात इतका मान कधी पाहिला नसेल.

सर मात्र कासावीस झाले. लाकडी होडी पाण्यात असते तोवर तिच्या फळ्या फुगलेल्या असतात आणि सांधे घट्ट राहतात. उन्हात वाळली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. सरांनी हे प्राचार्यांना जाऊन सांगितलं. प्राचार्य शांतपणे म्हणाले, “अहो, होडीच आहे ना? पाण्यात घातली की होईल ओली.” दुसऱ्या दिवसापासून सर भर दुपारी, वर्ग नसला की, बादल्या भरून होडीवर ओतू लागले. ओली गोणपाटं पसरू लागले. रंगावर ओघळ उठले. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी शिपाई पाठवून बादली जप्त केली. त्यानंतर सर लांबून, गणित विभागाच्या खिडकीतून, होडीकडे बघत उभे राहत. आम्ही जाता-येता बघायचो. एखाद्या आजारी माणसाच्या खोलीबाहेर उभा असलेला नातेवाईक जसा दिसतो तसे ते दिसत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी होडी पाण्यात उतरवली. ती गळायला लागली. जोरात नाही, सगळीकडून, थोडी थोडी. “रात्रभरात फुगेल,” असं सर स्वतःशी म्हणाले, पण हे म्हणताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

सकाळी काठावर मंडप होता, बँड होता, लाल सतरंजी होती आणि पाहुण्या संघांच्या तीन होड्या बंदरातून ओढून आणलेल्या होत्या. मुख्य पाहुणे उशिरा आले आणि बोलायला उभे राहिले. आयुष्य हीसुद्धा एक नौका आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या पाठीमागे इकबाल तांब्याने आमच्या नौकेतलं पाणी उपसत होता.

भाषण चालू असतानाच सरांनी आम्हाला बाजूला घेऊन हजेरी घेतली. हळू आवाजात. इकबाल म्हणाला, बँडच्या आवाजात माझे हुकूम ऐकू जाणार नाहीत. मी म्हणालो, भाषण संपेपर्यंत ओहोटी लागेल. कोणी गळतीचं म्हणालं. सरांनी मान हलवली. ते त्यांना माहीत होतं. मग मंडणगडची पाळी आली. तो होडीच्या तळाकडे बघत होता. उपसून उरलेलं पाणी तिथे हलत होतं.

“मना पवाया येत नाय, सर.”

सरांना वाटलं, त्याला आज बरं नाही. “परीक्षा दिलीस की तू,” ते म्हणाले.

“चालत आलो, सर.”

बँडवाल्यांनी मध्येच काहीतरी वाजवलं आणि थांबवलं. सर खाडीकडे बघत राहिले. “ओहोटी होती,” ते अगदी हळू म्हणाले. मी त्यांच्या शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं.

मंडणगडला उतरवलं तर होडी चार वल्ह्यांची, तीन उजवीकडे आणि मी एकटा डावीकडे. ती गोल फिरली असती. आमचा राखीव मुलगा काविळीने घरी पडून होता. शर्यतीतून नाव काढून घेतलं तर काढून घेतलंच. मंडणगडचं शिबीर गेलं. हे सगळं आम्हाला कळत होतं आणि त्यालाही. तो सरांकडे बघत नव्हता. बुटाच्या टोकाने वाळू उकरत होता.

सर म्हणाले, “इकबाल, तू काठावर थांब.”

त्यांनी टोपी काढून इकबालच्या हातात दिली, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले. गळ्यात ट्यूब होतीच. तशा थाटात ते इस्त्रीच्या गणवेशासह होडीत चढले आणि सुकाणूच्या जागी बसले. होडी मागच्या बाजूने चांगली हातभर खाली गेली. मंडपात हशा पिकला. मुंबईचे अधिकारी पुढे येऊन म्हणाले की हे नियमात बसतं का ते बघावं लागेल. बसत होतं. सुकाणूवाला विद्यार्थीच असावा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सरांनी नियम पाठ केलेले होते, कारण त्यांना नियमांचीही भीती वाटे.

“पोहता येतं तुम्हाला, सर?” मी विचारलं.

“केळशीचा आहे मी. दारात समुद्र,” ते म्हणाले.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आम्ही शेवटचे आलो. बाकीच्या तीन होड्या सुटल्या त्या मला दिसल्याच नाहीत, कारण त्या पुढे होत्या आणि माझी पाठ तिकडे होती. पाणी आधी टाचांना लागलं, मग घोट्याला. सर एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने उपसत होते. मला त्यांचा चेहरा समोर दिसत होता, आणि तो मला ओळखू येईना. त्यावर काळजी नव्हती. ज्याची वर्षानुवर्षं वाट बघितली ते आता आलं होतं, तर त्याचं काम तेवढं करायचं होतं. ते हुकूम देत नव्हते. माझ्या डोक्यावरून मागे, मंडणगडकडे बघत, वर्गात पाढे म्हणावेत तशा आवाजात ते एवढंच म्हणत होते, “मी आहे. ओढ. मी आहे. ओढ.” आणि माझ्या मागून वल्ह्याचा असा आवाज येत होता, की होडी आता उलट उजवीकडे वळायला बघत होती आणि सर सुकाणू दाबून ती सरळ ठेवत होते.

आम्ही पोचलो तेव्हा बँड आवरला होता आणि मुख्य पाहुणे जेवायला गेले होते. मुंबईचे अधिकारी मात्र थांबले होते. ते म्हणाले, “डावीकडचा तो उंच मुलगा. गळक्या होडीत, एवढं...” त्यांनी सरांकडे बघितलं आणि शब्द शोधला, “...एवढं वजन घेऊन असं ओढणारा मुलगा मी पाहिलेला नाही. याचं नाव द्या मला.”

मंडणगड जवळच उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

सर म्हणाले, “त्याला पोहता येत नाही.”

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. “यावर तुमची सही आहे.”

“सही माझी आहे. परीक्षा मी ओहोटीला घेतली. चूक माझी आहे.”

अधिकाऱ्यांना हा माणूस काय आहे ते कळेना. शेवटी ते म्हणाले, की नावं शिमग्यानंतर पाठवायची आहेत. तोवर याने भरतीच्या पाण्यात, प्राचार्यांच्या साक्षीने खाडी पार केली, तर नाव राहील. नाही तर दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा जाईल.

त्या संध्याकाळी मंडणगड वसतिगृहाच्या कठड्यावर बसून होता. माझ्याशी बोलला ते एकच वाक्य. “सरांनी सांगितला नसता तर खाडीचा पाणी काय त्यांच्या घरात शिरणार व्हता?”

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला सर खाडीत गळाभर पाण्यात उभे होते. काठावर दोन असोले, म्हणजे न सोललेले, नारळ दोरीने एकमेकांना बांधून ठेवलेले. मंडणगड आला नाही. सरांनी त्याला बोलावणंही पाठवलं नाही. पाणी ओसरू लागल्यावर बाहेर आले आणि ओल्या कपड्यांनी वर्गावर गेले. पुढच्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. त्यांना सर्दी झाली. फळ्यावर लिहिताना ते एका हातात रुमाल धरू लागले. शेवटी इकबाल वसतिगृहावर गेला आणि मंडणगडला म्हणाला, “हे बघ, रागावायचं तर रागाव. पण सर न्युमोनियाने गेले तर तुझी परीक्षा कोण घेणार? प्राचार्य? ते तुला मैदानावर पोहायला लावतील.” मंडणगड हसला नाही, पण उठला.

सरांची शिकवण्याची रीत त्यांच्यासारखीच होती. भीती सोड, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. “घाबर,” ते म्हणत, “घाबरलेला माणूस हात मारायचं थांबवत नाही. धीट मुलं मध्येच थांबून इकडेतिकडे बघतात.” पहिल्यांदा तरंगायला पाठीला दोन नारळ, मग एक, मग एकही नाही. मंडणगड पाणी प्यायला, ओकला, एकदा सरांच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघेही खाली गेले. वर आल्यावर सर धापा टाकत म्हणाले, “छान. आता हे माहीत झालं.” त्या दिवसांत दोघं एकमेकांशी पोहण्यापलीकडे काही बोलत नसत. रागही तसाच होता आणि सरावही.

शिमग्याच्या पालख्या नाचून गेल्या आणि परीक्षेचा दिवस आला. भरती पूर्ण होती. प्राचार्य साक्षीला आले ते खुर्ची, छत्री आणि छत्री धरणारा शिपाई घेऊन. खाडीचं पाणी इतकं फुगलेलं असेल अशी त्यांना कल्पना नसावी. त्यांनी खुर्ची दोनदा मागे घ्यायला लावली. इकबाल आपल्या घरचं छोटं होडकं घेऊन बरोबर जाणार होता. मंडणगड पाण्यात शिरला. सरांनी शिट्टी वाजवली आणि खाडीकडे पाठ केली.

“मला बघवणार नाही,” ते म्हणाले. “तू सांग.”

म्हणून मी सांगत राहिलो. निघाला, सर. हात मारतोय. इकबाल जवळ आहे.

“पाणी किती असेल तिथे?”

“दोन पुरुष खोल तरी.”

निम्म्यावर गेल्यावर मंडणगड थांबला. हात थांबले. डोकं एकदा खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. इकबालने वल्हं उचलून त्याच्याकडे पुढे केलं. त्याने ते धरलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती.

“कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“निम्म्यावर, सर.”

“मघाशीही निम्म्यावरच होता.”

सरांची मान ताठ झाली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते वळले नाहीत. पाण्यात मंडणगड उताणा झाला. काही वेळ नुसता पडून राहिला, प्रवाहाबरोबर जरा आतल्या बाजूला सरकला. मग पालथा होऊन पुन्हा हात मारायला लागला. वेडेवाकडे, फटाफट, पाणी उडवत. डौल कुठे नव्हता.

“हात मारतोय, सर.”

“कसे?”

“घाबरून, सर.”

सरांनी श्वास सोडला.

तो पलीकडे लागला, वाळूवर चढला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. इथून तो अगदी लहान दिसत होता. प्राचार्यांनी कागदावर सही केली आणि चहाची चौकशी केली. मग सर वळले. बराच वेळ पलीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल.

“आता परत कसा येणार?” त्यांनी विचारलं.

“इकबालच्या होडक्यातून येईल.”

“आणि वाटेत ते उलटलं तर?”

“तर पोहेल, सर.”

या उत्तरात काय चूक आहे ते शोधत सर उभे होते. इकबालचं होडकं निम्म्यावर आलं, तरी त्यांना ती सापडली नव्हती.